न आलेल्या रस्त्याचा कर्ब

मलप्पा मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी ट्रकमधून फुटपाथच्या कर्बचे दगड उतरवून घेत होते. फोन त्यांच्या मुलाचा, सिद्रामचा होता. "मॅडम, अप्पा गेले. सकाळी चहा घेतला आणि बसल्या बसल्याच..." किती वाजता नेणार एवढं विचारून घेतलं, "येते" म्हटलं आणि उरलेला ट्रक उतरवून घेतला. कडा उडालेले दगड बाजूला काढून परत पाठवले, ड्रायव्हरशी त्यावरून भांडलेसुद्धा. कुणाला हे कोरडेपणाचं वाटेल. पण बावीस वर्षं ज्या माणसाबरोबर काम केलं, तो माझ्या जागी असता तर त्यानंही आधी दगडांच्या कडाच बघितल्या असत्या.

दुपारी जुळे सोलापुरात सिद्रामच्या घरी पोचले. रो-हाउसची गल्ली, घरासमोर फुटपाथ, फुटपाथच्या खाली रस्ता, रस्त्यावर शववाहिका उभी. मधे कर्ब. तो कर्ब मिस्त्रींनीच लावलेला होता, माझ्या सांगण्यावरून. चौघांनी त्यांना उचललं, फाटकातून बाहेर आणलं, फुटपाथ ओलांडला आणि पुढच्या दोघांनी रस्त्यावर उतरायला पाय टाकला. पाय जमिनीला लागायला जेवढा वेळ लागेल असं त्यांना वाटलं होतं, त्यापेक्षा जास्त लागला. तिरडी पुढं कलली. "सावकाश, सावकाश!" असा एकदम गलका झाला, मागचे दोघे खाली वाकले, कुणीतरी मधून हात लावला. पडलं काही नाही. सगळं सावरलं. पण तो हिसका मी बघितला... आणि त्या दिवसापासून मी धड एका जागी बसलेले नाही. रात्री झोप लागते, जेवणही जातं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसभर हात काहीतरी शोधत असतात. रस्त्यानं जाताना माझी नजर माणसांच्या पायांवर असते. बँकेसमोर, भाजीबाजारात, शाळेच्या फाटकाशी कोण कुठं पाय उचलतं, कोण थांबतं, कोण फुटपाथ सोडून सरळ रस्त्यावरून चालू लागतं, हेच बघत राहते. परवा गाडी बाजूला लावून एका दवाखान्यासमोरच्या कर्बला वीत लावून बघितली. रखवालदार म्हणाला, "काय हरवलं का मॅडम?"

कर्ब म्हणजे काय, हे बहुतेकांना सांगावं लागतं. रस्ता आणि फुटपाथ यांच्या मधली ती सिमेंटच्या तयार दगडांची उभी कड, पिवळी-काळी रंगवलेली. लोकांना वाटतं ती शोभेसाठी असते, किंवा टेकायला, किंवा स्कूटर स्टँडला लावून मोबाइल बघत बसायला. मी डिप्लोमा करताना पुस्तकात वाचलं होतं की कर्ब रस्त्याची कड धरून ठेवतो, पावसाचं पाणी गटारीकडे नेतो, फुटपाथच्या फरश्या सरकू देत नाही आणि गाड्यांना सांगतो की तुमची हद्द इथं संपली. परीक्षेत हे लिहून मार्क मिळाले. त्याचा अर्थ मात्र मिस्त्रींकडून कळला, आणि तोही पूर्ण कळायला फार उशीर लागला.

मिस्त्री मूळचे वळसंगचे. थोडी कोरडवाहू जमीन, भावाच्या वाट्यात. म्हणून गवंडीकामाला शहरात आले ते इथंच राहिले. घरात कानडी, साइटवर मराठी. मी एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि त्या साइटवर डोक्यावर घमेलं नसलेली एकटीच बाई. पहिल्या दिवशी मी ड्रॉइंग उघडून उभी राहिले. मिस्त्रींनी ते बघितलं, घडी केली आणि विटेखाली ठेवलं. मग खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, दगड लावत गेले. संध्याकाळी भर रस्त्यात पालथे पडले. म्हणजे शब्दशः पालथे. गाल कर्बच्या दगडावर टेकवला, एक डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्यानं त्या ओळीच्या टोकापर्यंत बघत राहिले. मला वाटलं चक्कर आली. मी पाण्याची बाटली घेऊन धावले.

"काय झालं हो?"

"गप ऱ्हावा म्याडम. लाइन बघतोय." मग न उठताच म्हणाले, "तुमी बी बघा की. दोरी खोटं बोलती. वाऱ्यानं हालती. गाल खोटं बोलत न्हाय."

मी काही रस्त्यात पालथी पडणार नव्हते. ओढणी सावरून वाकले, दिसलं तेवढं बघितलं आणि "ठीक आहे" म्हणाले. ते हसले. "वरनं बघितलं की सगळंच ठीक दिसतंय." पुढं बावीस वर्षं हा टोमणा मी या ना त्या रूपात ऐकला. एकदाही गाल टेकवला नाही.

त्यांची दुसरी एक पद्धत होती, ती मी इतर कुणा मिस्त्रीकडे पाहिली नाही. कर्बची उंची ते पहिल्या दगडावर ठरवायचे, तीही लगेच नाही. पहिला दगड सिमेंटचा माल न लावता नुसता बसवायचा आणि वाट बघायची. रस्त्यानं कुणी म्हातारं माणूस आलं की त्याला थांबवायचं. "आज्जी, हितं जरा चढून दावा की." आज्जी आधी घाबरायची, मग चिडायची, मग चढायची. मिस्त्रींचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे नसे. ते गुडघ्याकडे बघायचे. गुडघ्यावर हात ठेवून चढली तर दगड खाली. सहज चढली तर पक्का. त्यांचं माप एक वीत आणि त्यातून तीन बोटं वजा असं होतं, आणि ते ड्रॉइंगमधल्या आकड्याशी जवळपास जुळायचं. मी म्हणायची, "मिस्त्री, मग ड्रॉइंगच बघा ना, लोकांना कशाला त्रास?" ते म्हणायचे, "ड्राइंगला गुडघा हाय व्हय?"

कर्बला ते बांध म्हणायचे. शेतकऱ्याच्या डोक्यात दुसरं काय येणार? दोन रानांमध्ये बांध असतो, तो पाणी धरतो, माती धरतो आणि हे तुझं, हे त्याचं असं सांगतो. ते म्हणायचे, बांध कुणा एकाचा नसतो, दोघांचा असतो, म्हणून दोघांनी तो राखायचा. आणि एक गोष्ट ते हमखास सांगायचे, साइटवर जेवताना, कडक भाकरी मोडत. "बांध घातला की त्याला वाट सोडावी लागती म्याडम. न्हाय सोडली तर मानूस बांध फोडतंय, न्हाय तर लांबनं जातंय. दोनी वाईट." मी मान हलवायची आणि मोजपट्टी गुंडाळायची. दुपारचं ऊन असं असायचं की दगडावर बसायचं तर आधी तांब्याभर पाणी ओतावं लागे, आणि मला पुढच्या ट्रकची काळजी असायची.

आता त्या गल्लीचं. दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जुळे सोलापुरात नवीन वसाहती होत होत्या आणि आमच्याकडे काही गल्ल्यांचं फुटपाथचं काम आलं. या गल्लीत रस्ता अजून अर्धवट होता. मला सांगण्यात आलं की वर खडीचा एक थर आणि त्यावर डांबर येणार आहे, तेव्हा रस्ता चांगला वर येईल. मी हिशेब केला. आज मापानं कर्ब लावला तर उद्या रस्ता वर आल्यावर तो बुडेल, पाणी घरात जाईल. म्हणून येणाऱ्या रस्त्याच्या हिशेबानं कर्ब आत्ताच उंच लावायचा. कागदावर हे बिनचूक होतं. आजही मी कागदावर ते चूक म्हणणार नाही.

मिस्त्रींनी पहिला दगड बसवला, वीत लावली. वीत संपली आणि वर चार बोटं उरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्याडम, रस्ता कुटं हाय?"

"येणार आहे."

"आल्यावर लावू की मग."

"तोपर्यंत काम थांबवायचं? तुम्ही लावा."

"न आलेल्या रस्त्याला बांध घालायचा म्हंजे..." ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. तेवढ्यात एक बाई कडेवर मूल घेऊन आली. मिस्त्रींनी तिला काही विचारायच्या आत तिनं दगडाकडे बघितलं आणि वळसा घालून रस्त्यावरून निघून गेली. मिस्त्री म्हणाले, "बघितलं?" मी म्हणाले, "बघितलं. लावा." त्यांनी लावला. संपूर्ण गल्ली, सरळ, एका रेषेत, मागून काँक्रीटचा भक्कम आधार देऊन. संध्याकाळी पालथे पडून गालसुद्धा टेकवला. ज्या कामाशी ते सहमत नव्हते, ते कामही त्यांनी वाकडं केलं नाही. उठल्यावर फक्त एवढं म्हणाले, "लाइन बेस झाली. आता ह्यावर कोण चढतंय बघू."

तो थर आला नाही. का आला नाही ते मला माहीत नाही आणि शोधून आता उपयोग नाही. रस्ता होता तिथंच राहिला आणि कर्ब त्याच्यावर फूटभर उंच. गल्लीतल्या लोकांनी महिन्याभरात आपापली सोय केली, पण ती चाकांची. कुणी लोखंडी पत्रा तिरका टाकला, कुणी सिमेंटचा उतार ओतला, मोटारसायकल धाडकन वर चढेल असा. पायांची सोय कुणी केली नाही. पायांना वाटतं, आपण काय, कसंही चढू. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे माणसं रस्त्यावरून चालू लागली आणि फुटपाथवर कुंड्या आल्या. मी तिथून जायची तेव्हा मान दुसरीकडे करायची असं नाही. मी खरंच कामात असायची.

पुढं सिद्रामला बरी नोकरी लागली आणि त्यानं नेमकं त्याच गल्लीत घर घेतलं. मिस्त्री आणि त्यांची बायको नागव्वा तिथं राहायला आले. मला त्यांनी हौसेनं बोलावलं, सगळं घर दाखवलं, मग बाहेर नेलं आणि कर्बवर पाय आपटून म्हणाले, "एक दगड हाललेला न्हाय." त्या वेळी ते टुणकन वर चढायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणं परत आलं, काठी घेऊन चालणंही आलं. पण उजवा पाय वितीच्या वर उचलेना. समोरच्या कोपऱ्यावर चहाची टपरी, तिथं त्यांचे दोन-तीन जुने सोबती बसायचे. घरापासून पन्नास पावलांवर. सिद्रामच्या गाडीचा पत्रा होता, त्यावरून एकदा उतरायला गेले आणि घसरले. त्यानंतर फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसू लागले.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले, ती आमची शेवटची भेट. खुर्ची फाटकाशीच होती. नागव्वानं "बर्री, बर्री", या, या, म्हणत मला बसवलं आणि चहा आणायला गेली. मिस्त्री डाव्या हातानं काठी फिरवत होते. म्हणाले, "म्याडम, माज्याच दगडानं मला आत ठिवलंय बघा." आणि हसले. मीही हसले. मग काठीनं फाटकाबाहेर दाखवत म्हणाले, "तेवढं हितलं चार दगड खाली घेता का? फाटकासमोरचं. वाट सोडू. दोरी माज्याकडं हाय. मी हितनं सांगीन, तुमी मानसं आना." मी म्हणाले, "बघू मिस्त्री. मार्च संपू दे." ठेकेदारीत मार्च म्हणजे काय असतं ते त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान हलवली. "मार्च," म्हणाले, जणू काही तारीख पक्की झाली.

मिस्त्री एप्रिलमध्ये गेले. मार्च संपला होता.

दिवस झाल्यावर मी परत गेले. नागव्वा भिंतीला टेकून बसली होती. ती मुळात बोलायला फटकळ, आणि दुःखानं त्यात फरक पडलेला नव्हता. म्हणाली, "आमचं म्हातारं लई हट्टी. सिद्रामानं फेब्रुवारीत एक मानूस आनला व्हता, घन घिऊन. म्हनला, फोडून देतो अर्ध्या तासात. तर ह्यांनी काठी उगारली त्याच्यावर! म्हनले, म्याडम येनार हायत. दोरी लावल्याबिगर दगडाला हात लावायचा न्हाय. माजी लाइन कुनी बी येऊन तोडायची न्हाय." मी विचारलं, मला फोन का नाही केला. ती म्हणाली, "म्या म्हनलं की. तर म्हनले, मार्च हाय, कामात असत्यात." मग उठून आत गेली आणि एक लाकडाचा तुकडा घेऊन आली, त्यावर गुंडाळलेली दोरी. चुन्यानं आणि सिमेंटनं कडक झालेली, मधेमधे गाठी मारलेली. माझ्या हातात दिली. "काडून ठिवली व्हती तुमच्यासाठी. रोज सकाळी खुर्चीवर बसताना मांडीवर घ्यायचे."

मी तिथं जास्त वेळ बसले नाही. बाहेर येऊन त्या चार दगडांचे फोटो काढले, मापं घेतली आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेला अर्ज लिहिला. स्वतः नेऊन दिला, परत गेले, परत गेले. तिसऱ्या खेपेला फाटकासमोरचे दगड खाली घ्यायची परवानगी मिळाली. सगळं मिळून अठरा दिवस लागले. हे अठरा दिवस संक्रांतीनंतरही होतेच. कामाच्या गर्दीत आपण माणसाला "बघू" म्हणतो तेव्हा नकार दिलाय असं आपल्याला वाटत नाही. समोरच्यालाही वाटत नाही. म्हणूनच तो शब्द इतका सोयीचा असतो. हल्ली तो तोंडावर आला की मी गिळून टाकते आणि हो किंवा नाही म्हणते. बरेचदा नाहीच म्हणते. लोकांना राग येतो, पण ते दुसऱ्या कुणाला तरी विचारायला मोकळे होतात.

रविवारी सकाळी दोन गवंडी घेऊन गेले. दगड काढायला अर्धा तास नाही, दोन तास लागले. मागचा काँक्रीटचा आधार मिस्त्रींनी घातलेला होता. खुंट्या ठोकल्या, त्यांची दोरी ताणली. मधले दोन दगड रस्त्याशी जवळजवळ सपाट, बाजूचे दोन तिरके, फुटपाथवरही मागं लांबपर्यंत सावकाश उतार, काठीवाल्या पायाला झेपेल असा. काम झालं तेव्हा अकरा वाजले होते. ऊन चढलं होतं, गल्लीतले लोक गॅलरीत येऊन बघत होते. मी वाकून बघितलं. ठीक दिसत होतं. मग मी रस्त्यावर पालथी पडले. वय पन्नाशीचं, अंगावर पंजाबी ड्रेस, वजन सांगत नाही. गाल दगडावर टेकवला. दगड तापलेला होता, चटका बसला. एक डोळा मिटला. जुनी रेषा लांबवर सरळ गेलेली दिसली, गल्लीच्या टोकापर्यंत, एक दगड हललेला नाही... आणि माझ्या चारातला दुसरा अर्ध्या बोटानं बाहेर आलेला दिसला.

"काढा तो," मी पडल्या पडल्याच म्हणाले.

"मॅडम, दोरीला तर बरोबर आहे," गवंडी म्हणाला.

"काढा."

काढला, परत लावला. वर ओली गोणपाटं टाकली आणि आठवडाभर पाय ठेवायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. पाणी नागव्वानं मारलं, सकाळ-संध्याकाळ, कुणाला हात लावू न देता. आठव्या दिवशी मी गेले. ती खाली रस्त्यावर, भाजीची पिशवी हातात घेऊन उभी होती. गोणपाटं तिनंच काढून ठेवली होती. मी म्हणाले, "नागव्वा, जरा चढून दाखवा की."

तिनं पदर खोचला, डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि पाय उचलला, इतक्या वर्षांच्या सवयीनं फूटभर उंच. खाली दगड नव्हता. पाय तसाच हवेत राहिला, मग हळूहळू खाली आला आणि उतारावर टेकला. दुसरा पायही तिनं तेवढाच उंच उचलला. फाटकापर्यंत ती अशीच गेली, सपाट वाटेवर पायऱ्या चढत.

फाटकाशी ती थांबली. आत खुर्ची अजून तिथंच होती. "गुडघ्यावरचा हात काढा आणि परत या," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढा लागला असावा. तिनं मागं वळून बघितलं. "येते की. घाई काय हाय आता?" म्हणाली, आणि हात काढून परत आली.

दोरी माझ्या गाडीच्या डिक्कीत आहे. शेजारच्या घरासमोरचा कर्ब अजून फूटभर उंच आहे, आणि त्यापुढचाही. दुसरा अर्ज दिला आहे. उद्या चौकशीला जायचं आहे.